पाहुण्यांची ओळख अजून चालू आहे

आयर्लंडातल्या किल्डेअरच्या कुरणांवर मेंढ्या चरतात, मेंढ्यांच्या वर ढग चरतात, आणि लांबून पाहणाऱ्याला वाटतं की कळप एकच आहे, थोडा खाली आणि थोडा वर. इथं वारा आला तरी दबकत येतो. शर्यतीचे घोडेसुद्धा सकाळची रपेट करून आले की नाकातून वाफ सोडतात आणि गप्प उभे राहतात. अशा शांत मुलखात, नास नावाच्या गावात, मुरलीधर तांबवेकर राहत होते आणि बोलत होते.

तशी त्यांना नोकरीही होती. औषधाच्या कारखान्यात तयार गोळ्या नियमाप्रमाणे झाल्या की नाहीत हे बघायचं आणि चुकलेल्या बाजूला काढायच्या. वीस वर्षं त्यांनी हे काम चोख केलं. तिथं तोंडाला पट्टी बांधावी लागे, त्यामुळे दिवसभर साठलेलं सगळं ते घरी घेऊन येत. त्यांच्या पत्नी शोभनाताई गावातल्या औषधांच्या दुकानात काउंटरवर उभ्या असत. दिवसभर लोकांच्या खोकल्यांच्या कहाण्या ऐकून आल्यावर त्यांच्या कानांत जागा उरत नसे. मुलगी अनुष्का विद्यापीठात शिकत होती. तिला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर ती इंग्रजीतून द्यायची, तेही नासच्या हेलात. म्हणजे घरात बोलणारा एक आणि ऐकणारं कोणी नाही, अशी अवस्था. मोठे वक्ते अशाच अवस्थेतून घडतात.

मुरलीधरराव पहिल्यांदा घडले ते डब्लिनच्या मराठी मंडळात. गणपतीच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन वर्षानुवर्षं त्यांच्याकडे होतं. एका गायिकेचा परिचय त्यांनी असा मनापासून करून दिला होता, की तिला सूर पुन्हा लावून घ्यावे लागले. नाचाला उभ्या राहिलेल्या मुलींच्या पायांना मुंग्या येऊन त्यातली एक खाली बसली, तेव्हा त्यांनी त्या बसण्याचंही कौतुक केलं. लोक आदबीनं ऐकत, मग आदबीनं उठत, आणि मागच्या दाराशी वडे खात उभे राहत. शेवटी मंडळाच्या अध्यक्षांनी, हरीश पोटनिसांनी, माईक एका तरुण मुलीच्या हाती दिला आणि मुरलीधररावांना ज्येष्ठ मार्गदर्शक केलं. ज्याच्या हातून माईक काढून घेतलाय पण जेवायला मात्र बोलवायचंय, अशा माणसासाठी आपल्याकडे हे पद राखून ठेवलेलं असतं.

हरीशराव डब्लिनच्या ग्रँड कॅनाल डॉकला एका बड्या संगणक कंपनीत होते. त्यांना वाटलं, विषय मिटला. पण नासमध्ये एका गालिच्यांच्या दुकानाच्या वर, लाकडी जिना चढून गेलं की, परगण्याची सामुदायिक दूरचित्रवाहिनी होती. केबलवर अगदी शेवटचा क्रमांक तिचा. सगळ्या वाहिन्यांना कंटाळलेला माणूस बटण दाबत दाबत तिथं पोचायचा. या वाहिनीचं तत्त्व उदार होतं: ज्याच्याकडे अर्ध्या तासाचा विषय आहे त्यानं यावं, कॅमेरा फुकट. एक निवृत्त पाद्री मधमाश्यांवर बोलायचे. एक पोलिश बाई लोणची घालायला शिकवायच्या, आणि बरणी उघडायची वेळ आली की कार्यक्रम संपायचा. नोरा हॅनिगन नावाची पन्नाशीची बाई हे सगळं चालवायची. व्यवस्थापक तीच, तंत्रज्ञ तीच, चहा करणारीही तीच.

"प्रेक्षक किती असतील तुझे?" नोरानं विचारलं होतं.

"आयर्लंडातला समस्त मराठी समाज," मुरलीधरराव म्हणाले.

नोराला एकही मराठी माणूस ठाऊक नव्हता. तिला आकडा मोठा वाटला. गुरुवारची संध्याकाळ तिनं देऊन टाकली.

'आपले सन्माननीय' हा मुलाखतीचा कार्यक्रम असा सुरू झाला. मुलाखत म्हणजे पाहुणे येत, बसत आणि स्वतःविषयी ऐकत. मुरलीधरराव त्यांची ओळख करून देत. जन्म कुठं झाला, त्या गावाला ते नाव कसं पडलं, वडील काय करत, शाळेत गणिताला कोण होतं, पुढं पदवी, पुढं लग्न, पुढं विमान. पाहुणे आयर्लंडच्या धावपट्टीवर उतरेपर्यंत अर्ध्या तासातला मोठा वाटा संपलेला असे. मग सत्कार. शाल आणि श्रीफळ. शाल मोरपंखी, जरीकाठाची, एकच. कॅमेरा बंद झाला की मुरलीधरराव हळूच म्हणत, "शाल राहू द्या इथं, पुढच्या गुरुवारी लागते." नारळ मात्र ते उदारपणे देऊन टाकत. सत्कारानंतर ते पाहुण्यांना म्हणत, "वेळेअभावी एका वाक्यात संदेश द्या." पाहुणे तोंड उघडत आणि वर नावांची पाटी सरकू लागे.

कार्यक्रम लागला असताना मुरलीधरराव तो कधी पाहत नसत. ते फोनवर असत. "बघताय ना? लावा, लावा. सुरू झालाय." एकाला लावून झाला की दुसऱ्याला. समस्त मराठी समाज फोनवर असल्यामुळे त्यालाही कार्यक्रम बघता येत नसे.

मग दोन हजार वीसचा मार्च आला. देशाला कुलूप लागलं. माणसानं घरापासून दोन किलोमीटरच्या आत राहायचं, पुढं पाच. ऑगस्टात तर किल्डेअर परगण्याला वेगळं कुलूप लागलं, कारण साऱ्या देशात आम्हीच जास्त खोकलो. रस्ते ओस पडले. कालव्यातली बदकं रस्त्यावर येऊन, आपलंच गाव असल्यासारखी चालू लागली. गालिच्यांचं दुकान बंद झालं, लाकडी जिना बंद झाला. नोरानं सगळ्यांना कळवलं, घरून करा, संगणकावरून पाठवा.

मुरलीधररावांनी मागच्या खोलीत पडदा लावला, फुलदाणी ठेवली आणि काम सुरू केलं. पाहुणे आता संगणकाच्या पडद्यावर येणार होते. सत्काराचं काय करायचं, हा प्रश्न दुसऱ्या कोणाला पडला नसता. मुरलीधररावांना दुसरा कुठला प्रश्नच पडला नाही. त्यांनी लेक्स्लिपला संगणकाच्या चिपच्या कारखान्यात काम करणाऱ्या निमिष गुर्जरला फोन केला.

"निमिष, घरात शाल आहे?"

"काका, शाल नाही. टॉवेल आहे."

"रंगीत आहे ना? मग चालेल. मी इकडून हात पुढे करतो, तू तिकडून स्वतःच्या हातानं खांद्यावर घे. आणि श्रीफळ?"

"नारळ कुठला, काका? पाच किलोमीटरमध्ये फक्त एक पेट्रोल पंप येतो माझ्या."

"गोल काय आहे घरात?"

त्या गुरुवारी निमिष गुर्जर यांचा त्यांच्याच टॉवेलनं आणि त्यांच्याच कोबीच्या गड्ड्यानं, त्यांच्याच हस्ते सत्कार झाला. मुरलीधररावांनी इकडून दोन्ही हात पुढे करून हवेत ठेवले होते. चेहऱ्यावर प्रसन्नता होती. निमिष गड्डा छातीशी धरून, उरलेला सगळा वेळ, आपल्या आजोबांनी विहीर कशी खणली ते ऐकत बसला.

सप्टेंबरात संकट आलं. नोराचं पत्र आलं की वाहिनीच्या मंडळानं ठरवलंय: इंग्रजीखेरीज इतर भाषांतल्या कार्यक्रमांखाली इंग्रजी ओळी हव्यात, म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही कळेल. ज्यांना जमणार नाही त्यांची वेळ दुसऱ्याला. दुसरा म्हणजे सॅलिन्सचा एक गृहस्थ, जो कुत्र्यांचे केस कापायला शिकवणार होता. त्याच्याकडे स्वतःची कात्री होती आणि भाषा इंग्रजी होती.

मंडळातला माईक गेल्यावर मुरलीधररावांकडे उरलं होतं ते एवढंच. कारखान्यात ते गोळ्या बघणारे होते, दुकानात शोभनाताईंचे मिस्टर, विद्यापीठात अनुष्काचे वडील. फक्त गुरुवारी ते मुरलीधर तांबवेकर होते. गुरुवार गेला असता तर त्यांचं नाव पत्रपेटीवर उरलं असतं, आणि पत्रं तर विजेच्या बिलाचीच येत.

पहिला प्रयत्न त्यांनी स्वतः केला. प्रत्येक शब्दाला शब्द लावला. पाहुण्यांच्या मूळ गावाच्या वर्णनापाशी ओळी इतक्या झाल्या की त्या चढत चढत पाहुण्यांच्या गळ्यापर्यंत आल्या, मग नाकापर्यंत, आणि शेवटी वर दोन डोळे तेवढे राहिले. नोरा फोनवर म्हणाली, "मर्ली, तुझा पाहुणा बुडालाय."

तेव्हा त्यांनी अनुष्काला बोलावलं. तीही घरीच होती, विद्यापीठ तिच्या खोलीतल्या संगणकात शिरलं होतं.

"अनू, हे काम तुझं. मात्र शब्दाला शब्द नको. भाव उतरला पाहिजे. भाव!"

"फक्त भाव?" तिनं इंग्रजीतून विचारलं.

"फक्त भाव. बाकी सगळं तुझ्यावर."

"ग्रँड," ती म्हणाली, म्हणजे इकडच्या भाषेत 'बरं', आणि दार लावून घेतलं.

कुलुपाच्या काळातले जुने भागही नोरा पुन्हा दाखवणार होती, तेही तिच्याकडेच आले. अनुष्का प्रामाणिक मुलगी होती. वडिलांच्या बोलण्यातला जेवढा भाव तिला सापडला तेवढा तिनं खाली लिहिला. एकही थेंब जास्त नाही.

इकडे कोणाही पुरुषाविषयी बोलताना 'युअर मॅन' म्हणतात, आपल्याकडे 'गडी' म्हणतात तसं. अनुष्कानं वडिलांसाठी तोच शब्द घेतला. कार्यक्रम सुरू झाला की खाली ओळ येई: 'गडी पाहुण्यांची ओळख करून देतोय.' मग बराच वेळ खाली काही नसे. वर मुरलीधरराव हात हलवत, डोळे मिटत, आवाज भरून आणत. खाली ओळ येई: 'ओळख अजून चालू आहे.' मग: 'पाहुण्यांची शाळा. सध्या सातवी.' मग: 'पाहुणे काहीतरी बोलणार होते.' मग: 'पाहुण्यांनी श्वास घेतला. गड्यानं नाही.' आणि सत्काराच्या वेळी: 'गडी पाहुण्यांना शाल देतोय. शाल पाहुण्यांचीच आहे.' शेवटी, नावांची पाटी चालू झाल्यावर, एका कोपऱ्यात: 'पाहुणे आता बोलतील.'

मुरलीधररावांना यातलं काही माहीत नव्हतं. ते फोनवर होते.

ऑक्टोबरात पुन्हा कुलूप लागलं. माणसं घरात, दिवस आखूड, पाच वाजताच अंधार डोकवायला लागलेला. लोक टीव्हीचं बटण दाबत दाबत शेवटच्या क्रमांकापर्यंत पोचू लागले, आणि तिथं एक मिशीवाला गृहस्थ हवेत हात धरून बसलेला त्यांना दिसला. लोक थांबले. दुसऱ्या गुरुवारी ते पुन्हा आले आणि भावाला फोन करून म्हणाले, शेवटचा नंबर लाव.

शेजारचे डेक्लन, निवृत्त घोडेवाले, कुंपणापलीकडून हात करून म्हणाले, "मर्ली, काल काय मजा आणलीस रे! सातवीच्या पुढं गेला का तो शेवटी?"

मुरलीधरराव भारावून घरात आले. "शोभना, डेक्लननं सबंध ऐकलं. सातवीपर्यंतचं त्याला पाठ आहे."

शोभनाताई कणीक मळत होत्या. त्यांनी कणकेकडे बघून मान हलवली.

दुकानात अनोळखी बाया त्यांना थांबवू लागल्या. वृद्धाश्रमातून नोराला फोन आला, गुरुवारी सगळे हॉलमध्ये जमून बघतो म्हणून. मुरलीधररावांनी यातून निष्कर्ष काढला. आयर्लंडचा माणूस मुळात संस्कृतीचा भुकेला आहे, हे ते फोनवर सांगू लागले. "आपलीच माणसं उठून जायची हो. ही परकी माणसं शेवटपर्यंत बसतात. मंडळाला कळू द्या." चालण्यात फरक पडला. मफलर एका खांद्यावरून मागे टाकायला लागले. कालव्याच्या काठानं फिरताना बदकांनाही ते जरा वळून, ओळख दिल्यासारखं बघत.

नाताळ आटोपल्यावर हरीश पोटनिसांचा फोन आला. आवाजात लाडू फुटत होता.

"मुरलीधरराव, अभिनंदन! आमच्या ऑफिसात सगळे तुमचेच चाहते. आयरिश मंडळी मला विचारतात, ओळखतोस का रे गड्याला."

"लोकांना कदर आहे, हरीशराव."

"आहेच. बाय द वे, खालच्या ओळी वाचता ना तुम्ही?"

"अनू करते ते. मी लक्ष घालत नाही. तिला स्वातंत्र्य दिलंय."

"छान दिलंय," हरीशराव म्हणाले. "एकदा वाचाच. आणि हो, टॉवेल कोणाचा होता ते कळलं हं आम्हाला."

मुरलीधररावांनी फोन ठेवला, पुढच्या खोलीत जाऊन संगणक उघडला आणि आपला कार्यक्रम आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. एक पाहिला. मग दुसरा. दुपारचं ऊन इथं पाहुण्यासारखं येतं, खुर्चीच्या कडेवर बसतं आणि निघून जातं. ऊन गेलं तरी मुरलीधरराव उठले नाहीत. तिसऱ्या भागात खाली ओळ आली: 'गड्याचे डोळे भरून आलेत. विहीर.' त्यांनी संगणक मिटला.

"अनू!"

अनुष्का आली. दारात शोभनाताई येऊन उभ्या राहिल्या.

"तू माझं हसं केलंस."

"बाबा, तुम्ही सांगितलंत भाव लिही. मी काही गाळलं नाही."

"माझी सगळी वाक्यं कुठं आहेत? त्या उपमा, ते गावाचं वर्णन, त्या आजोबांचे कष्ट?"

"विहीर म्हणून लिहिलंय की," अनुष्का म्हणाली. तिच्या इंग्रजीत माफी नव्हती आणि खोडीही नव्हती, एखाद्यानं तपासलेली वही परत द्यावी तसा सूर होता.

"अहो, तिनं कमीच लिहिलं," शोभनाताई म्हणाल्या. "मी लिहिलं असतं तर बघायला हवं होतं."

दोन दिवस मुरलीधरराव घरात कोणाशी बोलले नाहीत. घरच्यांनी तो काळ जपून वापरला. अनुष्कानं एक निबंध पुरा केला, शोभनाताईंनी दुपारी झोप काढली.

तिसऱ्या दिवशी त्यांनी निर्णय जाहीर केला. यापुढं परिचय दोन वाक्यांत. बाकी सगळा वेळ पाहुण्यांचा. बघू मग कोण कोणाला हसतं. पहिला पाहुणा म्हणून त्यांनी हरीश पोटनिसांनाच बोलावलं. हरीशराव कामात फार गढलेले होते, त्यांनी विचार करायला वेळ मागितला आणि त्याच फोनवर होकार दिला.

त्या गुरुवारी मुरलीधरराव खरंच दोन वाक्यं बोलले. "हे हरीश पोटनीस. यांना आपण ऐकू या." आणि ते मागे टेकून बसले. ओठ आवळलेले, हात मांडीवर, दात काढून घेतल्यानंतर बसावं तसे.

हरीशरावांनी घसा साफ केला. "माझ्याविषयी मी काय बोलावं," ते म्हणाले, आणि जन्मापासून सुरू केलं. जन्म कुठं झाला, त्या गावाला ते नाव कसं पडलं, वडील काय करत, गणिताला कोण होतं. पहिला नंबर, दुसरा नंबर का आला त्याची कारणं, मग पुन्हा पहिला नंबर. मुंबई विमानतळापर्यंत पोचले तेव्हा कार्यक्रमाची वेळ संपली. सत्काराला त्यांनी स्वतःची पश्मिना आणून ठेवली होती. ती त्यांनी, हात पुढे यायची वाट न बघता, मध्येच कधीतरी पांघरून घेतली होती.

अनुष्कानं भाव उतरवला. सबंध अर्ध्या तासात एकच ओळ होती: 'पाहुणे स्वतःची ओळख करून देतायत.'

दुसऱ्या दिवशी नोराचा फोन आला.

"मर्ली, गडी कुठं गेला? सकाळपासून फोन वाजतोय. वृद्धाश्रमातली एक बाई रडायच्या बेतात होती."

"मी सुधारणा केली, नोरा."

"सुधारणा नको. हे बघ, दोन आठवड्यांनी वाहिनीचं मंडळ बसणार. तू होतास तसाच राहणार असशील तर वेळ वर्षभर तुझी. नाहीतर सॅलिन्सचा माणूस अजून कात्री घेऊन थांबलाय. ठरव."

आता खरी पंचाईत झाली. कार्यक्रम ठेवायचा तर लोकांनी हसायचं, हे मान्य करून ठेवायचा. मान ठेवायचा तर गुरुवार कुत्र्यांना जाणार. मुरलीधरराव स्वयंपाकघरात येऊन खुर्चीवर बसले. बाहेर कुंपणावर बर्फाचा पापुद्रा होता आणि त्यावर एक रॉबिन पक्षी, छाती फुगवून, कोणी ऐकत नसताना गात होता.

"शोभना, लोक हसतात मला."

"मंडळात हसायचे का?"

"नाही."

"मग काय करायचे?"

मुरलीधररावांनी मफलर खांद्यावरून काढून मांडीवर ठेवला. "उठून जायचे."

"हे बसतात," शोभनाताई म्हणाल्या आणि कुकरचं झाकण लावलं.

ते अनुष्काच्या खोलीत गेले. कार्यक्रम चालू राहील, म्हणाले. ओळी तीच लिहील. एकच विनंती होती: निदान विहिरीच्या वेळी डोळे भरल्याचं लिहायचं नाही.

"भरले तर लिहिणार," अनुष्का म्हणाली.

मुरलीधरराव हो म्हणाले. इतक्या कमी शब्दांत त्यांनी यापूर्वी कोणाचंच काही मान्य केलेलं नव्हतं.

पुढच्या कार्यक्रमाला पाहुणी होती वैदेही चौबळ. डब्लिनला शिकायला आली, शिकून नोकरीला लागली, आणि सँट्रीत, विमानतळाच्या अलीकडे, एका सदनिकेत एकटी राहत होती. बरोबरच्या मुली कुलूप लागण्यापूर्वी आपापल्या घरी गेल्या होत्या. तिनं ओढणी आणि एक संत्रं तयार ठेवलं होतं. तिनं आधीचे भाग पाहिलेले होते, त्यामुळे आपल्याला बोलावं लागेल अशी तिला भीती नव्हती.

मुरलीधररावांनी सुरुवात केली. जुन्या थाटात, जुन्या वेगानं. "सातपुड्याच्या पायथ्याशी, जिथं तापीचं पाणी संथपणे..." पण आता त्यांना माहीत होतं की आपल्या हनुवटीखाली, छातीपाशी कुठंतरी, एक ओळ येणार आहे. ती काय असेल याचा त्यांना अंदाज येऊ लागला. 'ओळख चालू आहे,' ही इथं येईल. ते थबकले, लोकांना वाचायला वेळ मिळावा म्हणून. कसलेला नट प्रेक्षकांचं हसू ओसरायची वाट बघतो, तसे ते थांबले आणि खाली बघितलं. मग पुन्हा पुढं. "...वाहत असतं, अशा पवित्र परिसरात वैदेहीताईंचा..." आणि पुन्हा थांबले. त्यांना ते आवडू लागलं होतं. पुढचा थांबा त्यांनी जरा लांब घेतला, कारण तिथं त्यांच्या मते मोठं हसू होतं.

त्या थांब्यात वैदेहीला वाटलं, आपली पाळी आली.

"काका, गाव छानच आहे," ती म्हणाली. "पण मी हल्ली रोज संध्याकाळी विमानतळाच्या कुंपणाशी जाते. माझे पाच किलोमीटर तिथंच संपतात."

मुरलीधररावांचं तोंड उघडं होतं. पुढचं वाक्य जिभेवर तयार होतं. पण ते अजून हसू ओसरायची वाट बघत होते.

"तिथं एक आजोबा येतात, थर्मास घेऊन. आम्ही लांब लांब उभे राहतो. ते स्वतः कधी विमानात बसले नाहीत, पण कुठलं विमान कुठं जातं ते सगळं त्यांना माहीत. त्यांची बायको एप्रिलमध्ये गेली. दहाच माणसांना परवानगी होती, तर भावाबहिणींतलं कोणाला बोलवायचं यावरून भांडण झालं, ते अजून मिटलं नाहीये. मागच्या महिन्यात माझे मामा गेले, अमळनेरला. मी फोनवर बघितलं सगळं. मग खोलीत बसवेना म्हणून कुंपणाशी गेले. त्यांनी विचारलं, आज कुठलं विमान बघतेस? मी म्हटलं, भारतात जाणारं. ते म्हणाले, इथून थेट नाही जात गं. मग बराच वेळ आम्ही उभे. एक विमान उठलं तेव्हा म्हणाले, हे आखातात जातं, हे अर्ध्या वाटेपर्यंत तुझंच."

वैदेही थांबली. संत्रं तिच्या हातात होतं, ती त्याच्या सालीवर नख फिरवत होती.

मुरलीधररावांनी तोंड मिटलं. मग त्यांनी एक प्रश्न विचारला, आणि इतक्या वर्षांत त्यांनी पाहुण्यांना विचारलेला हा पहिला प्रश्न असावा.

"मग?"

मग वैदेही बोलत राहिली. आजोबांनी थर्मासच्या झाकणातून चहा ओतून झाकण कुंपणाच्या खांबावर ठेवलं आणि स्वतः मागे सरकले, ते सांगितलं. चहात साखर नव्हती, तेही सांगितलं. तापीचं पाणी तिथंच राहिलं, सातवीही राहिली. वेळ संपल्यावरही मुरलीधरराव कॅमेरा बंद करायचं विसरून ऐकत बसले होते.

याचं श्रेय त्यांना द्यावं की नाही, यावर आमच्यात दोन तट आहेत. हरीशरावांचं म्हणणं की गडी अडकला होता, ऐकत नव्हता. मुरलीधरराव स्वतः मात्र हे मुलाखतीचं प्रगत तंत्र असल्याचं फोनवर सांगतात, आणि ते सांगायला त्यांना बराच वेळ लागतो. वाहिनीच्या मंडळाची बैठक झाली. नोरानं कळवलं की वर्षभर गुरुवार तुझा. वृद्धाश्रमातून पुन्हा फोन आला होता, त्या आजोबांना आता चहाला कोणी सोबत आहे का, असं विचारायला.

अनुष्का मात्र त्या आठवड्यात कातावली होती. दोन दिवस ती कानाला हेडफोन लावून एकेक वाक्य मागे-पुढे करत बसली. मुलगी भरभर बोलते, मध्येच हसते, मध्येच गिळते, आणि त्यातलं एक वाक्यही गाळता येत नाही. शेवटी ती जिन्यावरून खाली आली, केस विस्कटलेले, हातात थंड झालेला कप.

"बाबा," ती म्हणाली, "पुढच्या गुरुवारी तुम्हीच बोला, प्लीज. माझी परीक्षा आहे."